हिलाल आबांची सुट्टी

मी कारखान्यांना स्वयंचलित यंत्रणा विकतो आणि विकल्यावर ती चालवूनही देतो. आमच्या कंपनीची पद्धत अशी, की दरवर्षी एकदा जळगावच्या एखाद्या हॉटेलात गावातल्या कारखानदारांना जेवायला बोलवायचं आणि जेवणाआधी त्यांना एक आलेख दाखवायचा. आलेखात ऑटोमेशनचा बाजार कसा वाढतोय ते असतं. आकडे मुंबईहून येतात, बाण आम्ही इथे लाल करतो. पूर्वी हा माल फक्त पाइपवाले मोठे कारखाने घ्यायचे. आता डाळमिलवाले, चटईवाले, धुळ्याचे जिनिंगवालेसुद्धा विचारतात. सेन्सर स्वस्त झाले, कामाला माणूस मिळेनासा झाला, आणि पुण्याहून शिकून आलेल्या मुलांना कारखाना मोबाइलवर बघायचा असतो. एवढं सांगून मी बाणाकडे बोट दाखवतो. मग सगळे माना डोलावतात आणि पनीरकडे वळतात.

अशाच एका जेवणाला एका डाळमिलच्या शेठबरोबर एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले होते. पांढरा पायजमा, बाहीचा सदरा, पायात रबरी चपला. शेठच्या शेजारच्या खुर्चीवर ते हक्काने बसले होते. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं मी म्हटलं. हे मी नेहमीच म्हणतो आणि कुणी काही विचारत नाही. हे गृहस्थ मात्र उठून उभे राहिले.

"हाऊ बाण वर जाई ऱ्हायना, ते बरं शे," ते म्हणाले. "पन यामातून मानूस बाहेर कोठून निंघस?"

लोक हसले. मला वाटलं, मशीन आल्यावर कामगारांचं काय, हा नेहमीचा टोमणा आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे पाठ असतं, ते मी घडाघडा म्हणून टाकलं: कुणाचीही नोकरी जाणार नाही, उलट कौशल्य वाढेल, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ते नही इचारी ऱ्हायनू भाऊ. माले जावानं शे. तुमनं मशीन माले कव्हय सोडी, ते सांगा."

हे हिलाल आबा. मशीन कधी एकदा येतं आणि आपल्याला घरी पाठवतं याची वाट बघणारा माणूस मी माझ्या धंद्यात एकच पाहिला.

आबा त्या डाळमिलमध्ये मिस्त्री होते. मिस्त्री म्हणजे नट-बोल्ट आवळणारा नव्हे. तुरीला तेल-पाणी किती द्यायचं, ती किती वेळ मुरू द्यायची, किती वाळवायची आणि चक्कीवर कधी घालायची हे ठरवणारा. तूर ओली राहिली तर साल सुटत नाही, जास्त वाळली तर डाळीऐवजी कणी हाती लागते. या दोहोंमध्ये चिमूटभर जागा असते आणि आबा ती दाताने शोधायचे. ढिगाच्या पाच ठिकाणांहून पाच दाणे घ्यायचे, एक निवडून डाव्या दाढेखाली ठेवायचे आणि डोळे मिटून चावायचे. उजव्या दाढा आधीच कामी आल्या होत्या. दाणा कच् वाजला तर कच्चा, चर्र वाजला तर जळाला आणि कट् वाजला तर तयार. कट् वाजलं की आबा नुसती मान हलवत आणि तेवढ्यावर अख्खी मिल सुरू होई.

त्यांचं घर पिंपळनेरला. बायको, जिजाक्का, आधी मिलच्याच खोलीत त्यांच्याबरोबर राहायची. मग तिला काचबिंदू झाला. मिलच्या आवारात दिवसभर ट्रक मागे-पुढे होत असतात. एकदा ती ट्रकच्या चाकाशी पडली, थोडक्यात वाचली. तेव्हापासून ती पिंपळनेरला, विधवा बहिणीजवळ. तिथलं घर तिच्या पायांना पाठ होतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, की गेलेलं परत येणार नाही, आहे तेही हळूहळू जाईल. आबांना एकच गोष्ट हवी होती. तिला अजून चेहरा दिसतोय तोवर घरी जाऊन तिच्यासमोर बसायचं. एवढंच, आणि हे ते कुणालाही, अगदी ट्रक ड्रायव्हरलासुद्धा, न लाजता सांगायचे.

मग जात का नव्हते? मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं. थोरल्या शेठना त्यांनी शब्द दिला होता, की हाताखाली माणूस तयार केल्याशिवाय मिल सोडणार नाही. शेठ वारले आणि शब्द तेवढा राहिला. दोन जणांना तयार करायला घेतलं. एक सुरतेला गेला, दुसऱ्याने वर्षभर दाणे चावून शेवटी पानाची टपरी टाकली. धाकटे शेठ वाईट नव्हते. ते आबांना कधी नाही म्हणाले नाहीत. "आबा, एवढा हंगाम," इतकंच म्हणायचे, आणि हंगाम संपला की दुसरा यायचा. दर रविवारी दुपारी आबा जिजाक्काला फोन लावत. ती विचारायची, कव्हय? आबा म्हणायचे, "औंदा. औंदा नक्की येस." औंदा हा शब्द त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकला, की पुढे पुढे तो ऐकून मला राग यायचा. कुणाचा राग, ते मात्र कळायचं नाही.

ऑर्डर आम्हाला मिळाली. ड्रायर आला, ओलावा मोजणारे सेन्सर आले, आणि गरम हवेची झडप आपोआप उघडझाप करणारं पॅनल आलं. आता आबांची दाढ पॅनलमध्ये घालायची होती. मी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसू लागलो. मी एरंडोलचा, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण आकड्याची होती. ते म्हणायचे कट्, मी विचारायचो किती टक्के. ते म्हणायचे, "दाढले इचार." म्हणून मीही चावू लागलो. महिनाभर मी तूर चावली. कट् आणि कच् मधला फरक मला कळू लागला तेवढ्यात माझ्या दाढेतलं सिमेंट निघालं आणि दवाखान्यात जावं लागलं. आबा त्या दिवशी पोट धरून हसले. मिलमध्ये त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

शिकवायला ते फार चांगले होते. हातचं राखणं हा प्रकारच नाही. पुष्कळ जुने लोक सेन्सर लावला की गप्प होतात, आडवी उत्तरं देतात, वायर "चुकून" तुटते. मी तशी तयारी ठेवून असतो. इथे उलट. विदर्भाची तूर कशी, मराठवाड्याची कशी, आफ्रिकेहून येते ती जाड सालीची कशी दगा देते, सगळं ते सांगत सुटायचे आणि मी लिहून घेतलं की नाही ते वहीत डोकावून बघायचे. वाचता बेताचंच यायचं, पण पान भरलंय का एवढं बघायचे.

पहिल्या वर्षी दिवाळीच्या आत यंत्रणा सुरळीत चालू लागली. पॅनलवर हिरवा दिवा, डाळ अखंड, कणी नाही. शेठ खूश, मी खूश. आबा दिवाळीला पिंपळनेरला गेले, आणि चौथ्या दिवशी ड्रायरमधून सगळा घाणा, म्हणजे एका वेळी भरलेली सगळी तूर, जळून बाहेर पडली. मी धावत गेलो. सेन्सर तपासले, वायरिंग तपासलं, काही सापडेना. शेठनी गाडी पाठवली. संध्याकाळी आबा मिलमध्ये हजर. आले, दाणा चावला, दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत. मी पुन्हा पॅनल तपासलं. पॅनल निर्दोष होतं.

हे तीनदा झालं. दुसऱ्या वर्षी अक्षय तृतीयेला, म्हणजे खानदेशातल्या आखाजीला ते गेले, तेव्हा घाणा ओला निघाला. पोळ्याला गेले, तेव्हा कणी. गाडी पिंपळनेरला पोचायची, अंगणात हॉर्न वाजायचा. एकदा गाडीबरोबर मीच गेलो होतो. आबांनी पिशवी उचलली. जिजाक्का दारापर्यंत आली नाही. हॉर्न ऐकल्याबरोबर ती भिंतीला हात लावत आतल्या खोलीत निघून गेली होती, आणि आबांनी बाहेरूनच सांगितलं, "औंदा." साक्रीपर्यंत आबा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मागला वरीसले तोंडजोगे उनं का वळखे. आते उन्हात उभं ऱ्हावं लागस." म्हणजे मागल्या वर्षी तोंडाजवळ आलं की ती ओळखायची, आता तिला चेहरा दिसावा म्हणून त्यांना उन्हात उभं राहावं लागत होतं.

त्या दिवशी मला माझ्या धंद्याची शरम वाटली. एका माणसाला घरी जायचंय आणि माझं लाल बाणवालं मशीन त्याला जाऊ देत नाही. बरं, का जाऊ देत नाही हेही मला माहीत नाही.

ते सापडलं तिसऱ्या वर्षी, आणि तेही मी दुसऱ्याच कारणाने बसलो होतो म्हणून. आमच्या पॅनलवर एक पडदा असतो, त्याला आम्ही ट्रेंड म्हणतो. उष्णता, ओलावा, झडप, सगळ्यांच्या रेघा एकाखाली एक सरकत असतात. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं. रेघा बघता बघता मला दिसलं की ड्रायरची उष्णता खाली आली, पण झडप जागची हललेली नाही. झडप न हलता उष्णता कमी व्हायचं कारणच नव्हतं. मी मागची रेकॉर्डिंग काढली. रोज, दिवसातून तीन-चार वेळा हेच. आबा सुट्टीवर असलेल्या दिवसांत मात्र एकदाही नाही.

मी उठलो आणि ड्रायरच्या मागे गेलो. तूर वर नेणाऱ्या उचलणीच्या पट्ट्यामागे, जिथे माणूस तिरका होऊनच शिरतो, तिथे गरम हवेच्या नळकांड्याला एक दुसरी झडप जोडलेली होती. हाताची. तिला लाकडी मूठ, आणि मुठीवर सुती चिंधी गुंडाळलेली, चटका लागू नये म्हणून. आमच्या नकाशात ती नव्हती. आबा तिथेच उभे होते. दाताखाली दाणा होता.

"कव्हयपासून?" मी विचारलं.

"पैल्ला हंगामपासून," ते म्हणाले. गावातल्या एका वेल्डरकडून त्यांनी ती बसवून घेतली होती. मशीन थोडं चुकायला लागलं की ते आधीच दाढेला कळायचं, आणि घाणा बिघडायच्या आत ते मूठ फिरवायचे. पॅनलला वाटायचं आपलं बरोबर आहे. मला वाटायचं आपलं बरोबर आहे. मशीनची चूक बाहेर पडलीच नाही, तर ती दुरुस्त कोण करणार? ज्या माणसाकडून मशीनने शिकायला हवं होतं, तोच दोन वर्षं त्याला शिकू देत नव्हता. आणि हे त्याला माहीत नव्हतं, असंही म्हणवत नाही.

मी चिडलो. मोठ्या माणसावर आवाज चढवायचा नाही हे विसरलो. "आबा, तुम्हाला जायचंय की नाही?" असं सरळ विचारलं.

ते म्हणाले, "माले जावानं शे. पन हात ऐकत नही."

आम्ही ठरवलं, एक घाणा जाऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी आबा हात पाठीमागे बांधून ड्रायरच्या तोंडाशी उभे राहिले. मी पॅनलपाशी. आफ्रिकेची तूर लागली होती, म्हणजे मशीन चुकणार हे नक्की. दहा मिनिटं झाली. आबांनी एक दाणा चावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. पंधरा मिनिटं झाली. दाणा खाली पडताना त्याचा आवाज बदलला, तो मलाही ऐकू आला. आबांचे ओठ हलत होते. विसाव्या मिनिटाला ते वळले, पट्ट्यामागे तिरके शिरले आणि मूठ फिरवली. उष्णतेची रेघ खाली आली.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "खावानं शे ते, भाऊ," ते म्हणाले. "कोनाना तरी ताटमा पडी. माले नही जमाव." मी पॅनलचा दरवाजा लावला आणि दोघं चहा प्यायला गेलो. चहा पिताना मला मूठ आठवत होती. आबांना मूठ सोडता येत नव्हती, तर मुठीलाच सेन्सर का लावू नये? ती किती फिरली, कधी फिरली, तेवढं जरी पॅनलला कळलं तरी पुरे होतं. त्यांनी चूक दुरुस्त करत राहावं आणि मशीनने ते बघत राहावं. इतकी साधी गोष्ट. ती सुचायला मला दोन वर्षं लागली, कारण दोन वर्षं मी फक्त मी बसवलेल्या वस्तूंकडे बघत होतो.

सेन्सर आठ दिवसांत लागला. शेठना मी एवढंच सांगितलं, की आणखी एक सेन्सर कमी पडत होता. मुठीबद्दल वेल्डर सोडता आम्हा दोघांनाच माहीत राहिलं. पण शिकणं आठ दिवसांत होईना. विदर्भाची तूर यायला हवी, मग मराठवाड्याची, मग पावसाळी हवेतली, मग पुन्हा आफ्रिकेची. प्रत्येक तुरीसाठी आबांचा हात काय करतो ते मशीनने पाहायला हवं. हंगाम पुरा लागला. मी दर आठवड्याला जायचो आणि मोजायचो, या आठवड्यात मूठ किती वेळा फिरली. नऊ वेळा, पाच वेळा, दोन वेळा. आबा मला विचारायचे नाहीत, पण माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. रविवारचा फोन चालूच होता. एका रविवारी फोन ठेवून ते म्हणाले, "आते उजेड-अंधार समजस तिले. बाकी काय नही." आणि दाणे चावायला गेले.

मार्चमध्ये सबंध महिना मूठ फिरली नाही. आबांना सुट्टी मिळाली, कायमची. शेठनी मंडप घालून निरोप दिला, शाल दिली, आणि भाषणात सांगितलं की आमच्या मिलमध्ये आता आबांचाच अनुभव पॅनलमध्ये चालतोय. मीही टाळ्या वाजवल्या. पुढच्या जेवणावळीत मी याच मिलचं उदाहरण दिलं. लोकांनी माना डोलावल्या आणि चार नव्या ऑर्डरी आल्या. या चार ऑर्डरींनी मला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल.

त्यानंतर आबा मला एकदाच भेटले. पिंपळनेरजवळ एका भगरीच्या गिरणीची चौकशी आली होती, तिकडून परतताना मी त्यांच्याकडे वळलो. मला बघून ते रस्त्यापर्यंत आले. दोन महिन्यांत वजन वाढलं होतं, पण चालण्यात काही जीव नव्हता. फाटकाशीच थांबून हळू आवाजात म्हणाले, "ती बोलत नही मनासंगे धड. उनू तव्हयपासून." घरात आहेत, पाणी भरतात, तिचा हात धरून अंगणात फिरवतात, डोळ्यांत थेंब घालतात, ती सगळं करून घेते आणि गप्प राहते.

जिजाक्का ओट्यावर खाटेवर बसली होती. मी नमस्कार केला, नाव सांगितलं. तिने चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला.

"तू मशीनवाला ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग एक इचारस. खरं सांग." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा इतका. "यास्ले येवाले एवढा उशीर कसाले व्हयना? शेठनी आडायं, का मशीननी आडायं? का यास्ले सोतालेच यावानं नव्हतं?"

आबा तिच्या मागे उभे होते. त्यांनी हात जोडले. शेठपुढेसुद्धा खुर्चीवरून न उठणारा माणूस, त्याने माझ्यापुढे हात जोडले होते, आणि डोळ्यांनी काय सांगत होते ते मला नीट कळलं नाही. खरं सांग म्हणत होते की सांगू नको म्हणत होते, हे मला आजही कळलेलं नाही.

"मशीनमुये, अक्का," मी म्हटलं. "आमनंच मशीन चुकत व्हतं. यास्नी बहू कोशिश करी."

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मशीनमुये व्हय. मंग मशीनवर काय राग धराना." आणि मागे न वळता, पण नेमक्या आबांच्या दिशेने, "तुमी उभा कसाले शेतस? बठा ना आठे."

तिने हाताने खाटेवरची जागा चाचपून मोकळी केली. आबा येऊन बसले, अगदी कडेला, परक्या घरी बसावं तसे. तिने त्यांचा हात शोधून आपल्या मांडीवर घेतला. त्यांनी तो घेऊ दिला आणि मान खाली घातली. मी निघतो म्हटलं, तेव्हाही त्यांनी ती वर केली नाही.